रातपाळीची पावलं

अहो,

काल कामावर निघताना तुम्ही डॉक्टरांनी मला रोज चालण्यासाठी दिलेला तो पावलं मोजायचा बँड शोधत होतात. माझ्या उशीखाली होता. आता माझ्या मनगटावर आहे आणि मी चालायला गेलेय.

मी झोपले की तुम्ही तो घालून रातपाळीला जाता, हे मला परवा दवाखान्यात कळलं. सिस्टरनं मोबाईलवर बँडचे आकडे बघून विचारलं, "मावशी, रात्रभर चालता? मग थकवा उतरणार कसा?" तुम्ही पंख्याकडे बघायला लागलात. लूमच्या कारखान्यात फेऱ्या तुम्ही मारायच्या आणि तिकडे आपल्या धनश्रीनं तिच्या मोबाईलवर ते आकडे बघून खूश व्हायचं, की केमो चालू असूनही आई पळतेय.

मला पडून राहू द्यावं म्हणून केलंत, कळतं मला. पण पडून राहिलं की अंग जास्तच जड होतं. थोडं चालले की निदान भाकरी टाकायला उभी राहते. हे काम तुमच्या पायांनी व्हायचं नाही.

खिचडी कुकरमध्ये आहे. धनश्रीचा फोन आला तर खरं काय ते तुम्हीच सांगा. आज आकडा लहान दिसेल, पण तो माझा आहे.

गोडादऱ्याच्या नाक्यापर्यंत जातेय. रिक्षा घेऊन येऊ नका, चालत या. परतताना हात धरायला कोणीतरी लागेल.