बावीस सांगितले होते

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा खेळाच्या सामानाचे दुकान आणि रॅकेटचे गटिंग, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि पोटात चहाखेरीज काहीही नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

मन स्थिर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. हाताचा दाखला मात्र त्यांनी दिला नाही. उजव्या हाताची बोटे वर्षभर आपल्या मर्जीने थरथरतात. हा आजार मारत नाही, पण हळूहळू हात काढून घेतो, असे डॉक्टर म्हणाले. माझी सही अजून बँकेत चालते, ती चालते आहे तोवर हे उरकायचे आहे. मला भीती वाटते. बायकोसमोर ते तोंडातून निघत नाही, म्हणून इथे लिहून टाकले.

तिने परवा माझ्यासमोरची पाने पाहिली आणि म्हणाली, "अहो, आपली इस्टेट ती केवढी! दोन खोल्या आणि एक गाळा. पाठकोऱ्या कागदावर मावली असती." वकीलबाईंचेही तेच. त्या म्हणाल्या, "काका, कोणाला काय ते लिहा. का, ते लिहू नका." पण मी 'का' तेच लिहायला बसलो आहे. वाटप काय, ते कायद्यानेही झाले असते.

मृत्युपत्र माणसाच्या मागे वाचतात. माझे तसे नको. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हे माझ्या देखत, सगळेच्या सगळे वाचावे आणि वाचून झाल्यावर साक्षीदार म्हणून सही करावी, अशी माझी इच्छा आहे. तो सत्तावन्न वर्षांचा आहे, त्याला रक्तदाबाची गोळी आहे, आणि आमच्यात आधी कोण जाईल हे कोणी सांगावे?

एक. राहते घर पत्नीचे. त्यात मुलीने, जावयाने किंवा आणखी कोणी शहाणपणा करू नये. घर विकून आमच्याकडे राहायला ये, असे मुलगी प्रेमानेच म्हणेल. पत्नीने प्रेमानेच नाही म्हणावे. या बाईने सव्वीस वर्षे माझ्या धंद्याच्या वेळा सांभाळल्या, रविवारीसुद्धा जेवायला मी तीन वाजता येतो हे गिळले. तिला एक तरी दार असे असावे की ते कधी उघडायचे हे फक्त तिने ठरवावे.

दोन. बँकेतले जे काही आहे ते पत्नीचे, तिच्या पश्चात मुलीचे. पासबुके कपाटात, माझ्या स्वेटरखाली.

तीन. गटिंगचे मशीन आणि हत्यारे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो: रॅकेटच्या चौकटीत तार ओवून, ओढून, जाळी विणायची याला आमच्यात गटिंग म्हणतात. तार किती ओढायची ते पाउंडात मोजतात. सैल असली तर शटल सहज लांब जाते. कडक असली तर नेम चांगला लागतो, पण ताकद सगळी खेळणाऱ्याने आपल्या खांद्यातून काढायची. किती पाउंड हे खेळणारा सांगतो आणि गटिंगवाला तेवढे देतो. सगळा धंदा एवढ्यावर उभा आहे. मशीन विकावे. मुलीला ते नको आहे, आणि तिने ते उगाच बापाची आठवण म्हणून दिवाणखान्यात ठेवू नये, पाय अडकून पडायला होईल. आरी शेजारच्या शिंप्याला द्यावी. ती अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे, आता रीतसर त्याची झाली.

चार. मेव्हण्याकडे माझा कॅरम बोर्ड आहे. तो परत मागावा. मिळणार नाही, तरी मागावा.

पाच. सकाळच्या मंडळींविषयी. दुकानासमोरच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहा ते आठ या वेळात चाळिशी ओलांडलेले बाराजण बॅडमिंटन खेळतात. मीही त्यांच्यात होतो, बोटांनी दगा देईपर्यंत. या वयात माणूस खेळायला का येतो याचा मी बराच विचार केला आहे. पोट कमी करायला, असे सगळे सांगतात. पोटे आहेत तिथेच आहेत. मला वाटते, दिवसभरात हीच दोन तासांची जागा अशी असते की तिथे चुकले तर लगेच कळते, कोणी मनात ठेवत नाही आणि पुढचा पॉइंट सुरू होतो. घरी आणि कचेरीत अशी सोय नसते. मुले आपल्याला न विचारता मोठी होतात, साहेब आपल्यापेक्षा लहान वयाचे येतात, गुडघा जिना चढताना बोलायला लागतो, आणि आपण मात्र एका पांढऱ्या पिसांच्या तुकड्यामागे धावत ओरडतो, "माझा, माझा, सोड!" त्यात मला कधी हसू आले नाही. माझे त्यांच्यावर प्रेम आहे. मी गेल्यावर मात्र त्यांच्यापैकी कोणीही भाषण करू नये, विशेषतः दंतवैद्याने.

दंतवैद्यांना माझा एक निरोप. डॉक्टरसाहेब, टीव्हीवरचा पोरगा तीस पाउंडांवर खेळतो म्हणून तुम्हीही तीस मागता. दोन वर्षे तुमचे कोपर सुजलेले आहे आणि तुम्ही ते बुटांमुळे समजता. बावीसवर या. मी हे आधी का बोललो नाही, असा राग येईल. याचे कारण असे की एकोणतीस वर्षांपूर्वी मी ठरवले, गिऱ्हाईक सांगेल तेवढेच द्यायचे, एक पाउंड इकडे नाही, तिकडे नाही, आणि अक्कल शिकवायची नाही. लोक याला माझा प्रामाणिकपणा म्हणतात. तो प्रामाणिकपणा नव्हे. धसका आहे.

सहा. आता दादा, इथून पुढे सावकाश वाच.

तू आपल्या भागातला सगळ्यात चांगला खेळाडू होतास. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, तुझ्याकडून हरलेले लोक अजून दुकानात येऊन सांगतात. बाबा गिऱ्हाइकांना तुझी ओळख करून देत, "हा आमचा खेळाडू." आणि मग माझ्याकडे मान वळवून, "आणि हा तार ओढतो." मी चोवीस वर्षांचा होतो. ते चेष्टेने म्हणत, सगळे हसत, मीही हसे. पण ते मला लागत असे. फार लागत असे.

त्या वर्षीची बॅडमिंटनची फायनल जिंकली असती तर तुला खेळाडूंच्या जागेवर पक्की नोकरी लागणार होती. वयाची अट होती, तुझी ती शेवटची संधी होती. आदल्या दुपारी तू दोन्ही रॅकेट माझ्याकडे दिल्यास आणि म्हणालास, "बारक्या, बावीस. नेहमीसारखं."

मी सव्वीस केले. दोन्हींना.

बाहेरगावचे दोघे-तिघे मोठे खेळाडू त्या आठवड्यात दुकानात आले होते, ते सव्वीस मागत होते. मला वाटले, दादालाही जमेल, शॉट नेमके बसतील, तो जिंकेल आणि मग मी बाबांना सांगेन की हे सव्वीसचे डोके कोणाचे होते. तुझे वाईट व्हावे असे माझ्या मनात नव्हते. मला फक्त तुझ्या जिंकण्यात वाटा हवा होता. तो न विचारता घेतला.

इथपर्यंत मी स्वतःला माफ केले असते. पण मॅचच्या आधी तू रॅकेट तळव्यावर आपटून पाहिलीस आणि म्हणालास, "कडक वाटतंय रे." तेव्हा तासभर हाताशी होता, एक रॅकेट तरी सैल करून देता आली असती. मी म्हणालो, "नवी तार आहे. दोन गेममध्ये बसेल." हे मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, दादा. तू मान डोलावलीस. तार माझी बाजू होती, त्यात तू कधी शंका घेतली नाहीस.

पुढचे तुला माहीत आहे. तुझे सगळे शॉट हातभर आखूड पडत होते. तू जोर वाढवत गेलास, तिसऱ्या गेममध्ये खांदा गेला. मी पहिल्या रांगेत बसून मूग गिळून पाहत राहिलो. घरी आल्यावर, तार तुटली म्हणून सांगून, मी दोन्ही जाळ्या कापून टाकल्या. तू तेव्हा खांद्याला शेक घेत होतास आणि वहिनीला सांगत होतास, "ऐन वेळी माझा हातच गळाला. मी मोठ्या मॅचचा माणूस नाही."

हे वाक्य तू किती वेळा बोललास याची गणती नाही. कापडाच्या गोदामात कारकून झालास तेव्हा बोललास. बढतीच्या मुलाखतीला गेला नाहीस तेव्हा बोललास. आणि माझ्या पुतण्याने चौदाव्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीला जायचा हट्ट धरला, तेव्हा माझ्या दुकानात, माझ्यासमोर त्याला म्हणालास, "आपल्या रक्तातच कच खाणं आहे. अभ्यास कर." पोरगा गेला नाही. मी काउंटरच्या आत रॅकेटच्या पिशव्या लावत होतो. त्या आधीच लावलेल्या होत्या.

तू कच खाल्ली नव्हतीस. तुझा हात गळाला नव्हता. एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते सांगायला मला एकोणतीस वर्षे लागली, याची मला लाज वाटते.

सात. दुकानाचा गाळा. थोरल्याला खेळातून नोकरी लागेल म्हणून बाबांनी गाळा एकट्या माझ्या नावावर केला, आणि पुढे कागद बदलायच्या आतच ते गेले. गाळ्याचा अर्धा भाग दादाचा, अर्धा पत्नीचा. पत्नीला हे मान्य आहे. तिला कारण सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अर्धा कमीच आहे."

इथे वकीलबाईंनी लाल शाईने खूण केली. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही, दिलेले बाद होते. म्हणजे दादाने सही केली तर गाळा जातो. मी म्हटले, दोन्ही राहू द्या. दादालाही हे आधी सांगा. काय घ्यायचे ते तो ठरवील.

आठ. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. आज सकाळी जे झाले ते लगेच लिहीत आहे.

दादा दहा वाजता दुकानात आला. वकीलबाई आणि आमचे डॉक्टर आधीच येऊन बसले होते. बाईंनी त्याला सहीचा नियम समजावून सांगितला. तो हसला. "याच्याकडं देण्यासारखं आहे काय? आण इकडं, बारक्या, करतो सही." मी म्हटले, आधी वाच. त्याने चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागला. कॅरम बोर्डाला हसला. दंतवैद्याला हसला. मग खुर्ची ओढून बसला.

शेवटचे पान झाल्यावर त्याने कागद सरळ करून काउंटरवर ठेवले. बोलला तो एकच शब्द.

"दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्याने तो घेतला नाही. वकीलबाईंनी हळूच विचारले, "सही करताय ना?"

"नाही."

"मग गाळ्याचा अर्धा भाग तुमच्याकडं राहतो, दादासाहेब. नको असेल तर तसं..."

"गाळ्याचं तुमचं तुम्ही बघा. मला त्यातलं काही विचारू नका."

मी म्हटले, "दादा, काहीतरी बोल. शिव्या दे."

तो उठला. मला वाटले, मारतो. मारले असते तर बरे झाले असते. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकोणतीस वर्षं मीच बोलतोय. माझा हात गळाला, मी कच्चा, माझं रक्त कच्चं. तुझ्यासमोर बोलत होतो. तू ऐकत होतास."



दारात चप्पल घालताना तो थांबला, पण माझ्याकडे पाहिले नाही. "पोराला मी सांगीन. तू त्याच्याशी यातला एक शब्द बोलायचा नाहीस." आणि गेला. रस्ता ओलांडून हॉलच्या पायऱ्यांपाशी तो थोडा वेळ उभा राहिलेला मी काचेतून पाहिला. आत गेला नाही. घराच्या दिशेने वळला.

कलम सात जसे आहे तसे राहील. दादाने आपला अर्धा भाग नाकारला तर तो पुतण्याला जाईल, आणि पुतण्याने तो घ्यावा म्हणून कोणीही त्याची मनधरणी करू नये.

माझ्या मागे कोणी दादाकडे जाऊन, "जाऊ दे, आता तो गेला, माफ कर," असे म्हणू नये. ही माझी स्पष्ट सूचना आहे आणि ती कायद्यात बसत नसली तरी पाळावी. त्याला किती दिवस लागतील ते त्याचे त्याला ठरवू द्यावे. मी किती घेतले ते वर लिहिलेच आहे.

हा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो खरा आहे. खाली सह्या करणाऱ्या दोघांच्या समोर मी सही करत आहे.

ठिकाण : दुकान, काउंटरच्या आतली बाजू
दिनांक : ९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी पावणेबारा

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार क्रमांक एक : शेजारचा शिंपी. दुकान उघडे टाकून आला. मजकूर वाचलेला नाही, सही होताना पाहिली आहे. आरी त्याला आजच बक्षीस दिली, म्हणजे ती मृत्युपत्रातून मिळालेली ठरत नाही. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन : आमचे डॉक्टर. (सही)

खाडाखोडीबद्दल खुलासा : साक्षीदार क्रमांक एकपुढे आधी 'थोरला भाऊ' असे लिहिले होते. ते शब्द मी खोडले आहेत, दादाने नव्हे. त्याने कागदाला पेन लावलेले नाही. (सही)