नजरचूक नव्हती

दादा,

परवा बागेतल्या जॅझच्या कार्यक्रमात तू पियानोवरून मान हलवलीस ती गिटारवाल्यासाठी, हे मला स्वच्छ दिसलं होतं. तू खुणावशील त्यानेच एकट्याने वाजवायचं, हा आपल्या बँडचा नियमही मला पाठ आहे. तरी मी सॅक्सोफोन घेऊन उठलो. ऊन नुकतं कलत होतं आणि गाणाऱ्या बाईंनी त्या संथ, सोल ढंगाच्या गाण्याचा शेवटचा सूर असा काही सोडला, की तिथे फुंकच हवी होती, तार चालली नसती. गवतावर लवंडलेली माणसं उठून बसली. तूही साथ दिलीस, नाइलाजाने का होईना. कार्यक्रम संपल्यावर मात्र, आता तालमीला येऊ नकोस म्हणालास.

काल वहिनीचा फोन आला. "भाऊजी, नजरचूक झाली एवढं म्हणा, म्हणजे परत घेतील तुम्हाला. तुमच्याच भावाचा स्वभाव, मी काय नवीन सांगू?"

तू शिक्षकांकडे शिकलास, मी तुझ्या दाराबाहेर बसून ऐकलं. पुढे जन्मभर तुझ्यामागे भरीचं वाजवलं. एकदाच मनासारखं वाजलं, तेही चूक म्हणून तुझ्या पायाशी ठेवू?

हे पत्र टाकणार नाही. रविवारी तालमीला येऊन सगळ्यांसमोर हेच म्हणणार आहे. मग खुशाल माझी खुर्ची उचल.

तुझाच,
धाकटा