पऱ्हाटीच्या तेलाचा दिवा

फाल्गुन, शनिवार, दिवेलागणीनंतर

आज माही नात पल्लवी पुसदच्या कॉलेजातून आली, अन् पिशवीतून बोटाएवढी शिशी काढली. आत पिवळं तेल!

"आजी, पऱ्हाटीचं हाय."

"सरकीचं म्हण."

"नाही वं, काड्यांचं."

कापूस वेचल्यावर उरलेल्या ज्या काड्या मी जन्मभर चुलीत घातल्या, त्यांची म्हणे साखर करतात अन् खमिराले चारतात. जिलबीचं पीठ फुगवते तसंच खमीर. ते खाऊन खाऊन लठ्ठ होते, अंगात तेल धरते.

"तुह्या आजोबासारखं," मी म्हटलं. पोरगी खो खो हसली. किती दिवसांनी! वर्षभर तिच्या प्रयोगात तेल निघतच नव्हतं, तर मागच्या खेपेले घरी आली तवा शिकणं सोडते म्हणत होती.

मी आपल्याच कापसाची वात वळली. "हे तेल दिव्यात जळन काय?"

तिचं तोंड उतरलं. "एवढंसंच हाय, आजी. सोमवारी तपासायले द्यायचं हाय."

मी वात खाली ठेवली. हट्ट कायले केला मी? पण त्या पिवळ्या रंगावरून नजर हटेना. मग तिनंच बूच काढलं. "थेंबभर घे. मलेही पाहाचं हाय."

वात तडतडली, धुरकटली, आमचा दोघींचा जीव खालीवर... अन् पेटली! केवढासा उजेड, पण मले तर सारं वावर त्यात तरंगताना दिसलं. काड्या, बोंडं, सारंच पिवळंधमक.

थेंबाचा दिवा, लवकरच विझला. पण पल्लवी तिथंच बसून, पुढच्या खेपेले किती काड्या लागतीन ते सांगत होती.

मी म्हटलं, "सारी पऱ्हाटी ने माय. चूल मी तुरीच्या तुराटीवर पेटवीन."