रेघ एक वीत वर

सोमवार, ३ तारीख

नाही, घाबरलो म्हणून वही काढलेली नाही. बंदर खात्याच्या लोकांनी उद्या उलटंसुलटं केलं तर आपल्याकडे लेखी असावं, म्हणून. चाळीस वर्षं नदीवर लाँच चालवतोय. म्हणजे आता मुलगा चालवतो, सून तिकिटं फाडते, मी पुढं बसून लक्ष ठेवतो. जवळपास पूल नाही. दवाखाना पलीकडे. लाँच नसेल तर लोकांनी काय पोहत जायचं?

तरी आज खात्याचा पेंटर आला. लाँचच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ मारून गेला. रेघेला पाणी लागलं की माणसं घेणं बंद. वीस तारखेला लायसन संपतंय, त्याआधी इन्स्पेक्टर बघून जाणार. कधी, ते सांगणार नाहीत. सांगत नाहीत म्हणजे डाव आहे.

मंगळवार, ४

रूल पाळून बघितला. बावीस माणसांतच रेघ ओली. एरवी चाळीस आरामात बसतात. आरामात म्हणजे, बसतात. दवाखान्यातल्या सिस्टरबाई धक्क्यावर राहिल्या. तिथूनच ओरडल्या, आजोबा, पेशंटना काय सांगू, रेघ भरली म्हणून? बरोबर आहे त्यांचं. आजवर एक माणूस बुडाला नाही. एक पडला होता, पण तो पिऊन पडला आणि त्याला केसाला धरून वर काढला. तो मोजत नाही.

गुरुवार, ६. सकाळी सहा.

लोकांच्या सोयीसाठी निर्णय घेतला. उजवीकडची रेघ खरवडली, एक वीत वर नवी मारली. पेंटरपेक्षा सरळ आली. डावी तशीच ठेवली. आपल्या धक्क्यावरून उजवीच बाजू दिसते. डावी दिसते पलीकडच्या काठावरून, आणि खात्याचं ऑफिस अलीकडे. उगाच कलर कशाला घालवा?

सून म्हणाली, मामंजी, अंगाशी येईल. म्हटलं, तू तिकिटं फाड.

रविवार, ९

छत्रीवाला सापडला. ऊन नाही, पाऊस नाही, हातात छत्री. तीनदा इकडून तिकडे गेला. ओठ हलत होते. माणसं मोजत होता. इन्स्पेक्टरच! चहा पाजला. माझी पुढची जागा दिली.

सोमवार, १०

छत्रीवाला शिकवणी घेतो म्हणे. पाढे म्हणत होता. मला पटलेलं नाही.

सिस्टरबाईंनी आज सहज विचारलं, आजोबा, आज किती भरलेत? सहज? त्यांच्यावरही लक्ष ठेवायचं.

बुधवार, १२

पक्कं ठरवलं. खात्याचा माणूस आला तर कमी बोलायचं. विचारेल तेवढंच.

शुक्रवार, १४. दुपार.

आला. पलीकडून! तिकडं मेव्हण्याकडे मुक्कामाला होता म्हणे. बारीक चणीचा, चष्मेवाला, रीतसर तिकीट काढून एकोणचाळीस माणसांत उभा. कोण ओळखणार?

अलीकडे सगळ्यांच्या आधी उतरला, वाकून उजवी रेघ बघितली, मग ओळखपत्र काढलं. म्हणाला, आजोबा, पलीकडे निघताना डावी रेघ पाण्याखाली होती. ही वीतभर वर कशी? सुनेनं तोंड उघडलं. मी आधी बोललो. म्हटलं, जुनी लाँच आहे साहेब, डावीकडे कलते.

साहेबांनी लिहून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, रेघ हलवली असती तर दंडावर भागलं असतं. कलणारी लाँच पाण्यात घालता येत नाही. आजपासून बंद.

सोमवार, १७

लाँच बांधून ठेवलेली. सिस्टरबाई बसनं लांबून फिरून जातात, दोन तास. समोरून गेल्या, बघितलंसुद्धा नाही. मुलगा बोलत नाही. सून फार बोलते. म्हणते, मामंजी, कलते म्हणून तुम्हीच सांगितलंत, आता सरळ आहे म्हणूनही तुम्हीच सांगा.

ऑफिसात गेलो. सांगितलं, रेघ मीच मारली. साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २१

काल तपासणी झाली. लाँच सरळ निघाली. म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो. दंड झाला, रेघ पुन्हा पेंटरनंच मारली, लायसन मिळालं. फक्त माणसं मोजायची जबाबदारी सुनेची, असं लेखी घेतलं. घेऊ देत. मालक मीच.

सकाळची पहिली फेरी. नेहमीसारखा पुढं बसलो. माणसं चढली, पाणी रेघेला टेकलं. तेवढ्यात सिस्टरबाई धावत आल्या. सुनेनं रेघ बघितली, मग मला बघितलं. म्हणाली, मामंजी, एक माणूस जास्त होतंय. उतरा.

म्हटलं, अगं, मी मालक आहे. म्हणाली, पाण्याला ते कळत नाही.

उतरलो. सिस्टरबाई माझ्या जागेवर बसल्या.

धक्क्यावरून काय काय दिसलं आणि कोण कोण हसलं, ते लिहिणार नाही. आज नाही, उद्याही नाही.