दाजींच्या खुर्चीकडे निघालेलं विमान

ती. ताई,

कंबर वाकेल तितका नमस्कार. तू बरी असशीलच. दाजी कसे आहेत? म्हणजे काल दुपारी सव्वाचारनंतर कसे आहेत? डोक्याला काही लागलंबिगलं नाही ना? (सहज विचारतोय.) पत्र मुद्दाम तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतोय, कारण घरी फोन दाजी उचलतात आणि पत्रंही तेच फोडतात. अक्षर हललेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डुगडुगतंय.

तुला ठाऊकच आहे, लोकांच्या कवळ्या बनवून, घासून झाल्या की मी मैदानावर जाऊन माझी छोटी विमानं उडवतो. यंदा त्यातली दोन झाडात घातली आणि तिसरं मैदानाच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर. (स्कूटर उभी होती. सेक्रेटरीही.) ते म्हणाले, पुढचं विमान सरळ उडालं नाही तर तुम्हाला मैदान बंद. माझी पाचावर धारण बसली. ते मैदान सोडलं तर मला दुसरं आहे काय? म्हणून घरच्या घरी, मोडक्यातोडक्या सामानातून ऑटोपायलट करायला घेतला. विमान कलंडलं की तो आपणहून सरळ करणार, रिमोटशी संपर्क तुटला की आपणहून घरी आणणार. जुन्या फोनमधून कल ओळखणारा तुकडा काढला, उपग्रहावरून जागा ओळखणारी एक चकती मिळवली, आणि हे सगळं बसवायला डबी घेतली कवळीची. दाजींच्याच जुन्या कवळीची. झाकणावर त्यांचं पूर्ण नाव मी स्वतः कोरलेलं आहे. (काय सुरेख अक्षर होतं तेव्हा माझं!)

आता खरी गोम ऐक. या यंत्राचं ‘घर’ म्हणजे जिथे ते सुरू केलं ती जागा. दर वेळी ती नव्यानं नोंदवायची तर उपग्रह सापडेपर्यंत पाच मिनिटं ताटकळावं लागतं. एवढा दम मला कुठला? घर एकदाच नोंदवलं आणि ती पायरीच काढून टाकली. आमच्या खोल्यांतून आकाश दिसत नाही, म्हणून नोंदवलं गेल्या रविवारी तुमच्या गच्चीत, दाजींच्या आरामखुर्चीच्या हातावर डबी ठेवून. (ते तोंड धुवायला आत गेले होते.) मैदानावर गेल्यावर ते बदलायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल विमान वर गेलं आणि ताई, रेघ ओढल्यासारखं सरळ उडालं. सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला भरून आलं, आणि तेवढ्यात रिमोट हातातून निसटला, बॅटरी बाहेर. विमानानं सावकाश वळण घेतलं, आमच्या डोक्यांवरून गेलं आणि तुमच्याकडे निघालं. चार किलोमीटर म्हणजे सहा मिनिटं, आणि सव्वाचारला दाजी त्याच खुर्चीत चहा घेतात! सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले, “वा! कुठे निघालं हो?” मी म्हटलं, “बहिणीकडे.”

तेव्हापासून दाराची बेल वाजली की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावतो. बायकोला वाटतंय पोट बिघडलंय. काल दोनदा तिनं मला ताक दिलं, आणि मी ते निमूट प्यायलो.

तुझा (दाजींनी घरात घेतलं तर)
धाकटा भाऊ

ता. क. खालच्या दुकानातून आत्ताच तुमच्याकडे फोन लावला. दाजींनी “कोण बोलतंय?” असं स्वच्छ विचारलं, म्हणजे दात जागेवर आहेत. मी फोन ठेवून दिला. विमान कुंड्यांमागे पडलं असेल. ती डबी तेवढी लपव.

ता. क. २. टेबल डुगडुगत नाही, ताई. हात हलतो. उजवा. चार महिने झाले. विमानं त्यामुळेच पडली, रिमोट त्यामुळेच निसटला आणि ऑटोपायलटचा सगळा खटाटोपही हात कुणाला कळू नये म्हणूनच. बायकोला अजून सांगितलेलं नाही. परवा एका आजींची कवळी घासताना माझ्या हातून मोडली. मला फार भीती वाटते. गुरुवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दाजींना काहीही सांग, पण ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस. डॉक्टर ‘हात पुढे करा’ म्हणतील तेव्हा मला तिथे एकटं असायचं नाही.