काकांच्या तळव्यावरचा घोडा

आदरणीय हिल्त्ये आत्या,

येल्मरचा वाकून नमस्कार (स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला इतकं चिकटलेलं आहे की खरंच वाकलं तर कपाळ आपटतं, तरी वाकलो). बेटावर वारा कसा आहे? बोट वेळेवर सुटते का? तुमचा गुडघा, तुमचा खोकला आणि शेजारच्या ग्रीतबाईंशी तुमचा अबोला, हे तिन्ही पूर्वीसारखेच असणार असं धरून चालतो. तुमच्या पायांची चौकशी इथे मुद्दाम करत नाही, ती शेवटी येईल. आमच्याकडे गाई ठीक, रेन्स्के ठीक, तिच्या लेकीचा, फेन्नाचा, पुढचा दात पडला. डाउवे काकाही जेवण आणि आरडाओरडा या दोन्ही बाबतींत ठणठणीत आहेत. फक्त त्यांचा उजवा पाय वाचेल की नाही, ते अजून ठरायचं आहे. घाबरू नका. (मी घाबरलो आहे, पण माझं तुम्हाला माहीतच आहे.)

झालं असं, की फेन्नाला शेगडीपाशी जोडा ठेवायचा होता. दरवर्षी ती स्वतःचा लाल बूट ठेवते, आत संत निकोलसच्या घोड्यासाठी गाजर, म्हणजे रात्री संत येऊन गाजराच्या जागी भेट ठेवून जातो. यंदा तिने डोकं चालवलं. बूट लहान म्हणून भेट लहान, असा हिशेब करून तिने आजोबांचा उजवा लाकडी जोडा मागच्या दारातून ओढत आणला आणि शेगडीपाशी मांडला. रेन्स्के कौतुकाने हसली, मुलगी झोपल्यावर तिने गाजर काढून घेतलं आणि जोड्यात एक लोखंडी घोडा ठेवला. छोटासाच, पण चारी पाय, शेपूट, लगाम, सगळं नीट घडवलेलं. पहाटे काका उठले. दारापाशी एकच जोडा दिसल्यावर दुसरा शेगडीपाशी सापडला, म्हणून ते कोणाला तरी दोन शिव्या देऊन (मला असाव्यात) दोन्ही जोडे चढवून गोठ्यात गेले.

फेन्ना उठून बघते तर जोडाच नाही! संताने भेट तर ठेवली नाहीच, वर आजोबांचा जोडाही पळवला, असं म्हणून तिने जे भोकाड पसरलं ते बहुधा तुमच्या बेटापर्यंत आलं असेल. मग काका जोडे घालूनच आत आले, आणि संतावरचा चोरीचा आळ गेला, पण घोडा कुठे? रेन्स्के माझ्याकडे बघायला लागली. मी शेगडीची राख चाळली. कोचाच्या उशा उसवायच्या तेवढ्या राहिल्या. काकांनी तर शोधाचं पुढारीपण घेतलं. अंगण, गोठा, शेणाची नाली, वैरणीचा माळा, सगळीकडे ते पुढे आणि मी कंदील घेऊन मागे. दुपारी वैतागून ते म्हणाले, "अरे येल्मर, लोखंडाचा घोडा आहे, लोणी नव्हे. ज्याच्या पायाखाली येईल तो बोंब मारेलच की!" आणि ते वाक्य त्यांनी त्या घोड्यावर उभं राहून म्हटलं.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप तयार होतं. काकांनी मागच्या दाराशी जोडे काढले आणि फरशीवर टण्ण असा आवाज झाला. फेन्ना किंचाळली, "घोडा!" काका म्हणाले, "बघ, सांगत होतो ना, घरातच आहे," आणि खुर्चीत बसून पाव मोडायला लागले. लोकरीच्या मोज्यातून लाल ठसे दारापासून टेबलापर्यंत आले होते. काकांनी ते पाहिले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे रक्त कोणाचं रे?"

आत्या, मी शाळा अर्धी सोडली, त्यामुळे मला कशाचंही नवल वाटतं, असं रेन्स्के म्हणते. असेल. पण मी मोजा उतरवला तेव्हा अंगठ्याच्या मागच्या गादीवर आख्खा घोडा उमटलेला होता, मान, लगाम, शेपूट, आणि जिथे त्याचे खूर टेकले होते तिथे कातडी आत गेली होती, मांस दिसत होतं. मी बोट लावलं आणि मीच चटका बसल्यासारखं मागे घेतलं. काका सूप पीत होते. त्याच पायाचे मालक. फेन्ना हळूच म्हणाली, "संताचा घोडा आजोबांवरून चालला."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिस्का नावाच्या नर्सने काकांना डोळे मिटायला सांगितलं. तिच्याकडे नायलॉनचा एक ताठ दोरा होता, त्याचं टोक पायाला टेकवलं की "हो" म्हणायचं. काकांनी रुबाबात "हो" म्हटलं. मग पुन्हा "हो". मग गाडी अशी लागली की "हो, हो, हो," जसे चर्चमध्ये आमेन म्हणतात. आत्या, सिस्का तेव्हा कोपऱ्यात हात धूत होती. शेवटी ती म्हणाली, "डाउवे, मी अजून जवळ आलेच नाहीये." काकांनी डोळे उघडले. बराच वेळ पायाकडे बघत राहिले, पाहुण्याकडे बघावं तसे. मग मला विचारलं, "मग मी हो कुणाला म्हणत होतो?"

याला मज्जाविकार म्हणतात. (शब्द डॉक्टरांच्या पत्रकावरून उतरवला आहे, ऱ्हस्व-दीर्घ त्यांचं.) वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाकडून डोक्याकडे जाणारे निरोप थांबतात, आणि थांबले हे सांगणारा निरोपही येत नाही. मला तर हे इतकं प्रचंड वाटलं की येताना गाडीत मी स्वतःचे पाय बुटात सारखे हलवत होतो, आहेत का बघायला. काकांचा पाय कधीचाच निघून गेलेला, आणि आम्ही त्याला रोज जोडा घालून कामाला पाठवत होतो.

आता पाय प्लास्टरमध्ये आहे, वर मोठा थोरला बूट. पाय टेकायचा तो संडासापुरता. टेकत राहिले तर जखम हाडापर्यंत जाईल, मग अंगठा, मग पाऊल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. काका "हो" म्हणाले (मला तो "हो" ओळखता येतो). आणि काल गोठ्यातल्या चिखलात प्लास्टरच्या बुटाचे ठसे! विचारलं तर म्हणतात, गाई माझ्या हातच्या आहेत, तुझ्या हाताला दूध चोरतात. रेन्स्के रडली, मी गोठ्याला कुलूप घातलं, त्यांनी खिडकी उघडली. मग एकदम म्हणाले, "हिल्त्येला माझ्याआधीपासून साखर आहे. ती नाही बसत पाय वर करून!"

सगळ्यांना जपून राहा म्हणून सांगा, असं लिहून आटोपतो.

तुमचा भाचा,
येल्मर

ता. क. आत्या, पत्र खरं तर इथे सुरू होतं. गेल्या हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे होतात तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीने तुमच्या टाचेला फोड आला होता, पण तुम्हाला भाजल्याचं कळलंच नव्हतं, तुम्ही म्हणालात मोजाच घासला असेल. त्याची मी काकांना आठवण करून दिली. त्यावर त्यांनी अट घातली: हिल्त्ये ज्या दिवशी नर्सला पाय दाखवेल, त्या दिवसापासून मी खुर्चीतून उठणार नाही. लिहून द्यायला तयार आहेत. म्हणजे काकांचा पाय आता तुमच्या मोज्यांवर येऊन थांबला आहे. आज मोजे काढा, तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. आरशात दिसत नसेल तर (हात जोडतो) ग्रीतबाईंना हाक मारा.

ता. क. दोन. काका शेजारून सांगताहेत तसं लिहितो: "म्हातारे, डोळे मिटून उगाच हो हो करू नकोस. ती बाई हात धूत असते."

ता. क. तीन. पाकीट चिकटवायला शेगडीपाशी गेलो होतो. फेन्नाने आज तिथे प्लास्टरचा बूट मांडला आहे, घरातला सगळ्यात मोठा तोच. मी आत हात घालून पाहिलं. गाजर होतं. काकांनी खुर्चीतूनच ओरडून विचारलं, "काही आहे का रे आत?" आत्या, या वेळी त्यांनी आधी विचारलं!