शेवटच्या ओळीतला ळ

देवास, मंगळवार

प्रिय ऋजुताताई,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलं असतं तर अण्णांनी आधी उघडलं असतं. आणि फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, माहीत आहे. लागू दे. रिकाम्या तासाला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून हळूहळू वाच. पण रविवारच्या आत वाच.

तुझा मेसेज मिळाला. 'देवश्रीचा चष्मा उतरून अकरा दिवस झाले, काल तिने शेवटून दुसरी ओळ वाचली, अण्णा इतने खुश!' आणि खाली तीन हार्ट. तुझी नऊ वर्षांची पोर, मायनस साडेतीनचा नंबर, आणि अकरा दिवस बिनचष्म्याची. रविवारी अण्णांच्या चष्मा-मुक्ती शिबिराच्या समारोपाला ती स्टेजवर अक्षरांचा तक्ता वाचणार, टाळ्या वाजणार आणि तिचा चष्मा कायमचा अण्णांच्या कपाटात जाणार. शाळेतून येताना तो चौराहा ती कशी क्रॉस करते, हे एकदा तरी विचारलंस का तिला? समोरून येणारी मोटरसायकल तिला कितीशी आधी दिसत असेल?

तुझे डोळे चांगले. त्यामुळे अण्णांच्या शिबिरात तू कायम त्या बाजूला होतीस, त्रिफळ्याच्या पाण्याचे पेले घेऊन. या बाजूला काय होतं ते ऐक. धर्मशाळेच्या हॉलमध्ये चाळीस पोरं रांगेत, भिंतीवर काळा ठिपका आणि मागून अण्णांचा आवाज, 'नज़र नहीं हिलनी चाहिए!' पापणी लवली की परत पहिल्यापासून. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तो ओठावरून थेट तोंडात. पुसायला हात उचलायचा नाही, कारण 'गंदगी निकल रही है, निकलने दो.' मग तुझे पेले. सहाच होते ताई, चाळीस जणांत सहा. एकदा माझ्या पेल्यात आधीच्या कुणाच्या तरी पापणीचा केस तरंगत होता, टोकाला पिवळं चिपड घेऊन. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, 'नखरे मत कर, मनू.' मी डोळा उघडा ठेवून त्यात बुडवला. आठवड्याभरात निम्म्या पोरांचे डोळे आले, लाल, चिकट, सकाळी उघडेनात. त्यावर अण्णा काय म्हणाले? 'असर हो रहा है.' अजूनही चहा जरा पातळ दिसला की मी कप खाली ठेवतो.

आता इकडची बातमी. माझ्या खालच्या खोलीत पियुष राहतो, तो डोळ्यांच्या हालचालींवर संशोधन करतोय. त्याला निम्मे चांगल्या नजरेचे आणि निम्मे दूरचं न दिसणारे लोक हवे होते. मला धरून घेऊन गेला. 'चल भिया, तेरे जैसा पक्का चश्मिश कहाँ मिलेगा!' हो, चश्मिश. थांब, त्यावर येतोच. डोकं हलू नये म्हणून त्याने दातांत धरायला एक पट्टी दिली, गुलाबी मेणासारखी. तोंड मिटता येत नाही, त्यामुळे लाळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत. घाणेरडंच प्रकरण, पण निदान पट्टी ज्याची त्याला वेगळी.

त्याने मला एका ठिपक्याकडे बघायला सांगितलं. मी अण्णांचा मुलगा, मी असं रोखून बघितलं की बास! मग त्याने स्क्रीनवर माझ्या नजरेची रेघ दाखवली, तर ती मुंगीसारखी वळवळत होती. मला वाटलं, नापास. तो हसायला लागला. म्हणाला, सगळ्यांची अशीच असते, चांगल्या नजरेवाल्यांचीसुद्धा. डोळा कधी थांबतच नाही, आणि थांबायलाही नको, कारण बारीक अक्षर ओळखायला ही थरथरच कामाला येते. आमच्यासारख्यांची थरथर जरा वेगळी असते असं त्याला दिसतंय, पण का, ते त्यालाही अजून पक्कं माहीत नाही. मग त्याने गंमत केली. डोळा हलेल तसा ठिपकाही हलेल असं यंत्र लावलं, म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने ठिपका जागच्या जागी स्थिर. दोन-चार सेकंदांत ठिपका विरघळून गेला. मी पट्टी काढून विचारलं, 'लाईट गई क्या?' तो म्हणाला, 'कहीं नहीं गई. सब वहीं है, तेरे को नहीं दिख रहा.'

आठवतंय, अण्णा काय शिकवायचे? ठिपक्याभोवतीची भिंत विरायला लागली की समजायचं, नजर साधली. पोरं ओरडायची, 'गायब! गायब!' आणि तू वहीत त्यांच्या नावापुढे चांदणी काढायचीस. आम्हाला तेवढ्यापुरतं दिसेनासं होत होतं ताई, आणि तू चांदण्या काढत होतीस.

तू म्हणशील, अण्णांना बिचाऱ्यांना हे कुठे माहीत होतं. मीही इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. म्हणून आता ते सांगतो, जे कुणालाच सांगितलेलं नाही.

मी बारा वर्षांचा होतो, नंबर मायनस पाच. घरचा तक्ता अण्णांनी स्वतः रंगवलेला, ड्रॉइंगचे मास्तर ना ते. शेवटची ओळ ठ, ळ, ध, भ, म. दुपारी ते झोपले की मी लपवलेला चष्मा घालून ती पाठ करायचो. समारोपाला प्रमुख पाहुणे मानसिंगराव आले, आणि भेट म्हणून इंदूरहून छापील तक्ता घेऊन आले. आयत्या वेळी तोच टांगला. मला काय, तोही पांढरा कागद, हाही पांढरा कागद. अण्णांनी कौतुकाने थेट शेवटच्या ओळीवर छडी ठेवली आणि मी सुरू झालो, ठ... ळ... छडी थांबली.

हिंदी तक्त्यात ळ कुठून येणार? हॉलमध्ये ती मुंगीएवढी ओळ दिसत होती फक्त छडीवाल्याला. तू होळीला 'होली' म्हणालीस म्हणून त्या माणसाने तुला पानावरून उठवलं होतं. वर्णमालेत ळ नाही म्हणून तो तुझ्या हिंदीच्या बाईंशी भांडून आला होता. त्याला ळ ऐकू आला नाही? त्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण पाहिलं एवढं कळलं. मग छडी पुढच्या अक्षरावर सरकली. ओळ संपल्यावर तो माईकमध्ये ओरडला, 'शाबाश! बिलकुल सही!' आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात घामाने थबथबलेला होता. दुसऱ्या दिवशी मला एकट्याला मांडूला नेऊन दाल-पानिये खाऊ घातले. तू रुसली होतीस, मला का नाही नेलं म्हणून. ते बक्षीस नव्हतं, ताई. त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

पुढची तीन वर्षं मी फळ्यावरचं सगळं शेजारच्याच्या वहीतून उतरवलं. आता माझा नंबर मायनस आठ आहे. धारला घरी येतो तेव्हा लेन्स घालून येतो, रात्री बाथरूममध्ये कडी लावून काढतो. अण्णांच्या पत्रकावर अजून माझा फोटो आहे ना, 'सुपुत्र मनन, चश्मा-मुक्त'? तो फोटो बघून किती आयांनी आपल्या पोरांचे चष्मे काढले असतील, याचा विचार केला की मला अण्णांपेक्षा माझीच जास्त किळस येते. तूही देवश्रीचा चष्मा अण्णांच्या शब्दावर नाही काढलास. माझ्याकडे बघून काढलास.

काल संध्याकाळी देवश्रीचा फोन आला होता, तुझ्याच फोनवरून, तू गच्चीवर कपडे काढायला गेली होतीस म्हणे. कुजबुजत म्हणाली, 'मामा, आखिरी लाइन में क्या लिखा है? तुम्हाला तर दिसायची ना?' आणि मी सांगितली. एका दमात, पाच अक्षरं. तिने दोनदा म्हणून दाखवली, थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला. मी बेसिनशी जाऊन ओकलो. म्हणून हे लिहितोय. आज घरी गेलीस की कपाट उघड आणि तिचा चष्मा तिला दे. तिला काही विचारू नकोस, खोटं बोललीस म्हणून तर अजिबातच रागावू नकोस, हे तिला मी शिकवलंय. अण्णा ओरडले तर सांग, मननने सांगितलं. रविवारी मी येतोय. बसमधून उतरेन तेव्हा जाड काचांचा चष्मा लावलेला कुणीतरी तुला दिसेल, ओळखायला एक क्षण लागेल तुला. तिचं नाव पुकारलं की तिच्याऐवजी मी स्टेजवर चढणार आहे. अण्णांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच, अजून तुला ज्याचा खरा चेहरा पाहायचाय तो,
मनन